दीड टनाचा हिशेब

डोंबिवलीत माझा मावसभाऊ एका इमारतीच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो आणि त्याची बहीण त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दोघांच्या झोपायच्या खोल्या मापानं अगदी सारख्या, १० फूट बाय १२ फूट. एसी आधी दादानं घेतला. दुकानात पहिला प्रश्न आला, "खोली केवढी?" १२० चौरस फूट म्हटल्यावर विक्रेत्यानं एक टनाचा एसी दाखवला. मे महिन्यात संध्याकाळी सहाला तो एसी लावला, की रात्री अकरापर्यंत खोली २९ अंशांखाली उतरायची नाही. कॉम्प्रेसर थांबण्याचं नाव घ्यायचा नाही.

दादाची ही दशा पाहून ताईनं पुढच्या वर्षी थेट दीड टनाचा एसी घेतला. तिची खोली दहा मिनिटांत गार व्हायची. पण पावसाळा लागला तशी तिची वेगळीच कुरकुर सुरू झाली. अंग गार पडतं पण चिकट राहतं, पहाटे पांघरूण दमट लागतं, कपाटातल्या रेशमी साड्यांना बुरशीचा वास येतो.

"तू इंजिनिअर ना? मग सांग आता, कोणाचा एसी खराब आहे?" ताईनं मला विचारलं. दोन्ही एसी तपासले. गॅस बरोबर होता, कॉइल स्वच्छ होतं, बसवणीही नीट होती. दोन्ही यंत्रं आपापलं काम चोख करत होती. चुकला होता तो दुकानातला पहिला प्रश्न. खोली केवढी, हे विचारून खोलीचं क्षेत्रफळ कळतं. एसीला मात्र उष्णता उपसायची असते, आणि सारख्या मापाच्या दोन खोल्यांत उष्णता सारखी कधीच नसते.

आधी या 'टन' शब्दाकडे बघू. एसी दीड टनाचा म्हणजे त्याचं वजन दीड टन, असं तर कोणी समजत नाही. पण मग टन कशाचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हा टन बर्फाचा आहे. गारवा यंत्रानं तयार होऊ लागला त्याच्या आधी तो लाद्यांनी विकत मिळत असे. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांच्या प्रवासात कितीतरी बर्फ वितळला, तरी जवळपास १०० टन शाबूत पोहोचला. पुढे मुंबईतही हा परदेशी बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर उभं राहिलं. त्या काळच्या गिऱ्हाइकाला गारवा मोजायचं एकच माप ठाऊक होतं, बर्फ किती. मग गारवा करणारी यंत्रं आली, तेव्हा त्यांची ताकदही त्याच भाषेत सांगितली गेली. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उपसणारं यंत्र एक टनाचं. आजच्या मापात ही उष्णता ३,५१७ वॅट भरते. दीड टनाचा एसी म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट.

एवढं लक्षात घेतलं, की हिशेब एकदम सोपा होतो. खोलीत दर क्षणाला किती वॅट उष्णता येते ते मोजायचं आणि तेवढी बाहेर टाकणारं यंत्र आणायचं. विहिरीला झरे किती आहेत हे बघून आपण पंप घेतो, तसंच हे. चला तर, दादाच्या खोलीतले झरे मोजू. आकडे ढोबळ आहेत, पण मे महिन्याच्या संध्याकाळचं चित्र उभं करायला पुरेसे आहेत.

सगळ्यात मोठा झरा डोक्यावर आहे. ऐन उन्हाळ्यात दुपारी सपाट गच्चीच्या दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. काँक्रीटचा उघडा स्लॅब ते पितो, तापतो, आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडायला लागतो. म्हणून शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांची खरी काहिली सूर्य मावळल्यावर सुरू होते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि घरात मात्र छताला हात लावला तर तवा. उघड्या स्लॅबमधून संध्याकाळी चौरस मीटरमागे शंभरेक वॅट खाली उतरतात असं धरलं, तर दादाच्या ११ चौरस मीटर छतातून ११०० वॅट आले. हा झाला टनाचा जवळजवळ एक तृतीयांश, तोही खोलीत माणूस शिरण्याआधी.

दुसरा झरा पश्चिमेचा. दादाची खिडकी चार फूट बाय चार फूट, तोंड मावळतीकडे. दुपारी चारनंतर सूर्य खाली येतो आणि त्याचे किरण उभ्या काचेवर जवळजवळ सरळ आदळतात. छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो. पण समोरून येणारं ऊन त्याच्या खालून आत शिरतं. या एका खिडकीतून ७०० वॅट सहज येतात. तिच्या बाजूची भिंतही दुपारभर तापलेली असते, तिचे ४०० धरा.

राहिलेले झरे लहान आहेत. निवांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता टाकतो, म्हणजे दोघांचे २०० हून थोडे अधिक. पंखा, दिवा, लॅपटॉप मिळून दीडशे. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या चौकटीतून बाहेरची हवा येत राहते, तिचे तीनशे-साडेतीनशे. सगळं मिळून ३,००० वॅटच्या पुढेमागे.

मग एक टनाचे ३,५१७ वॅट पुरायला हवे होते, असं तुम्ही म्हणाल. दादाही हेच म्हणाला. पण हे ३,००० वॅट म्हणजे त्या क्षणी आत येणारी उष्णता. दिवसभर बंद पडलेल्या खोलीत भिंती, फरशी, गादी, कपाट, कपाटातले कपडे, सगळ्यांनी उष्णता साठवलेली असते. संध्याकाळी सहाला एसी लावला की ही शिल्लकही बाहेर काढावी लागते, आणि येणारी उष्णता उपसून यंत्राकडे उरतात जेमतेम पाचशे वॅट. म्हणूनच रात्रीचे अकरा वाजायचे. या खोलीला ४,००० वॅटच्या आसपास ताकद हवी होती, म्हणजे बाजारात मिळणारा दीड टनाचा एसी.

आता ताईची खोली. डोक्यावर दुसऱ्याचं घर, पायाखाली तिसऱ्याचं. खिडकी पूर्वेला, तिथलं ऊन सकाळी दहालाच उठून गेलेलं. रात्री तिच्या खोलीत येते काय? माणसांचे २००, पंखा-दिव्याचे दीडशे, फटीतल्या हवेचे साडेतीनशे, भिंती आणि आजूबाजूच्या बिनएसी घरांकडून झिरपणारे चारशे. सगळे मिळून ११०० वॅट. एवढ्यासाठी तिनं पाच हजार वॅटचं यंत्र लावलं होतं. ते तासाला बारा-पंधरा मिनिटं चालायचं आणि बाकीचा वेळ नुसता आतला पंखा फिरत राहायचा.

मोठा एसी आणला तर बिघडलं कुठे, थोडे पैसे जास्त गेले एवढंच ना, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. कोकणपट्टीत हा समज माणसाला रात्रभर त्रास देतो. त्याचं कारण हवेतल्या पाण्यात आहे, आणि हा या सगळ्या विषयातला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे.

आज ज्याला आपण एअर कंडिशनर म्हणतो त्याचा जन्मच दमटपणाशी झुंजताना झाला. १९०२ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. हवेतली ओल कमी-जास्त झाली की कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं त्यासाठी जी यंत्रणा आखली तिचं काम होतं हवेतली ओल ताब्यात ठेवणं. थंड कॉइलवरून हवा नेली की तिच्यातलं बाष्प थेंबाथेंबानं कॉइलवर जमतं. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच हे. एसीच्या ड्रेन पाइपमधून ठिबकणारं पाणी म्हणजे आपल्या खोलीतल्या हवेतून पिळून काढलेली ओल.

हे पाणी काढायला ताकद लागते. तासाला एक लिटर पाणी हवेतून काढायचं तर यंत्राची सुमारे ६८० वॅट ताकद त्यातच खर्च होते. डोंबिवलीच्या हवेत फटींमधून येणाऱ्या उष्णतेचे मी साडेतीनशे वॅट धरले, त्यातला हवेच्या गरमीचा वाटा शंभराच्या आसपास आहे. उरलेला, दुपटीहून अधिक वाटा तिच्यातल्या बाष्पाचा. ताईच्या खोलीतल्या एकूण ओझ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा ओलीचा होता. थर्मामीटरला तो दिसत नाही, आणि एसीचा सेन्सर तर तापमानच पाहतो.

आता दीड टनाचं यंत्र या खोलीत काय करतं ते बघा. सुरू झाल्यावर कॉइल पुरेसं थंड व्हायला, मग त्यावर थेंब जमून ते पन्हाळीत ओघळायला काही मिनिटं जातात. तोवर या लहान खोलीतली हवा ठरलेल्या तापमानाला पोहोचलेली असते. कॉम्प्रेसर बंद. फिन्सवर चिकटलेले थेंब तिथेच राहतात, त्यांच्यावरून आतला पंखा वारा घालत राहतो, आणि ती ओल परत खोलीत येते. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हवा थंड आणि ओली, अशा रात्रीत अंग चिकचिकतं, माणूस रिमोटवर आणखी दोन अंश उतरवतो, भिंती आणखी गार होतात आणि कपाटामागे बुरशी धरते. ताईच्या साड्यांचा वास हा असा आला होता.

विदर्भातलं गणित निराळं आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. तिथे कूलर छान चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे नेमकं कळलं होतं. मुंबईच्या घामट हवेत तोच कूलर खोलीचं न्हाणीघर करतो. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात एसी घेणाऱ्यानं वेगळी काळजी घ्यावी. एसीच्या लेबलवरची ताकद ही बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५ असताना आउटडोअर युनिटला उष्णता तापलेल्या हवेतच फेकावी लागते, तेव्हा यंत्राची ताकद घटते आणि वीज जास्त लागते. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे यंत्र सर्वांत दुबळं. विदर्भातल्या वरच्या मजल्यावर अर्धा टन जास्त घेणं हा वायफळ खर्च ठरत नाही.

लेबलवरूनच आणखी एक गोष्ट सांगतो. आपण 'दीड टन' म्हणून जे विकत घेतो ते सगळे सारखे नसतात. लेबलवर ताकद वॅटमध्ये छापलेली असते, ती वाचा. दीड टनाच्या नावाखाली एकावर ४,७०० आढळतील, दुसऱ्यावर ५,२००. पाचशे वॅटचा फरक म्हणजे खिडकीतून येणारं बरंचसं ऊन. तारे पाहताना लेबल कोणत्या वर्षाचं आहे तेही बघावं, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत जातात आणि जुना पाच तारांकित एसी नव्या निकषांत खाली घसरलेला असू शकतो.

इन्व्हर्टर एसी आल्यापासून मापातल्या चुकीची धार थोडी बोथट झाली आहे. जुना कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगानं चालायचा, नाहीतर बंद. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर ओझं कमी झालं की वेग कमी करतो आणि मंद गतीनं चालत राहतो. मंद चालताना वीज कमी लागते, आणि कॉइल सलग थंड राहिल्यामुळे ओलही निघत राहते. म्हणून दादाच्या खोलीसारखं ओझं असेल, दुपारी प्रचंड आणि पहाटे अगदी थोडं, तर इन्व्हर्टर घ्यावा असंच मी सांगेन. पण त्याच्याही वेगाला खालची मर्यादा असते. ताईच्या ११०० वॅटला दोन टनाचा इन्व्हर्टर लावला तर तोही बंद-चालू करू लागेल. "इन्व्हर्टर आहे, मोठाच घ्या" हा दुकानातला सल्ला ऐकू नये.

हॉलचा एसी घेताना लोक हमखास एका दिवसाचा विचार करतात. गणपतीत आरतीला वीस माणसं जमतात, मग मोठा हवा. वीस माणसांचे दोन हजारांहून अधिक वॅट होतात हे खरं, पण त्या वेळी दार सताड उघडं असतं आणि उरलेले ३६० दिवस त्या हॉलमध्ये चार माणसं बसतात. त्या चौघांचा विचार करा. त्याउलट स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तर ते मात्र रोजचं ओझं आहे. गॅसची एक मोठी शेगडी दोन हजार वॅटच्या घरात उष्णता टाकते, वर कुकरची वाफ. तिथे अर्धा टन वाढवण्याआधी चांगला एक्झॉस्ट पंखा लावून बघावा.

एसी लावताच रिमोटवर १६ आकडा आणण्याची सवय घराघरांत आहे. साध्या एसीत १६ केल्यानं खोली लवकर गार होत नाही. यंत्र २४ ला ज्या वेगानं चालतं त्याच वेगानं १६ लाही चालतं, फक्त थांबायचं विसरतं. जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या घरगुती एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवून देणं बंधनकारक आहे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या अंदाजानं एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ वर एसी आणि मंद पंखा, एवढ्यावर बहुतेक माणसांना गाढ झोप लागते. १८ अंशांच्या हट्टासाठी अर्धा टन जास्त घेणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण ते महिन्याचं बिल तीनशे युनिटच्या टप्प्यापलीकडे नेतात आणि वर पांघरुणात कुडकुडतात.

दादा-ताईंच्या हिशेबात एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेल. दोघांनी एसी अदलाबदल केले तर दोन्ही घरं सुखी. मीही आधी तेच सुचवलं. मेकॅनिकनं मात्र अडचण दाखवली. दीड टनाच्या यंत्राची तांब्याची एक नळी जाडीला वेगळी, म्हणजे दोन्हीकडचं पाइपिंग बदलणं आलं, गॅस पुन्हा भरणं आलं, भिंतींना नवी भोकं आली. खर्च ऐकून दादा म्हणाला, "उपसायचं यंत्र बदलण्यापेक्षा येणारी उष्णताच कमी करता येईल का?"

खरं तर सुरुवात इथून करायची असते. गच्ची सोसायटीची, पण शेवटच्या मजल्यावरच्या चारही घरांची तक्रार एकच होती, त्यामुळे परवानगी मिळाली. आधी वॉटरप्रूफिंग तपासलं, मग सगळ्या गच्चीवर पांढरा परावर्तक रंग दिला. पांढरी गच्ची बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत पाठवते. (साध्या चुन्यानंही हे काम होतं, पण पावसानं तो धुपतो आणि दर उन्हाळ्यात नव्यानं द्यावा लागतो. रंगही धूळ-शेवाळानं काळवंडतो, त्यामुळे धुणं चुकत नाही.) खिडकीला आतून जाड पडदा होता. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ते अडवतो खरा, पण तोवर उष्णता घरात शिरलेली असते, मग पडदाच तापतो. म्हणून खिडकीबाहेर ग्रिलला बांबूची चिक लावली. स्लॅबचे अर्धे आणि खिडकीचे बरेचसे वॅट गेले, मिळून हजारेक. चार हजारांची गरज तीन हजारांवर आली, आणि तोच एक टनाचा एसी पुढच्या मे महिन्यात साडेआठला खोली २६ वर आणू लागला.

एक लहानसं काम तेव्हाच उरकलं. दादाचं आउटडोअर युनिट ड्राय बाल्कनीत, लोखंडी जाळीला चिकटून बसवलं होतं. त्यानं फेकलेली गरम हवा जाळीवर आपटून परत त्याच्याच पाठीमागे शिरत होती. बिचारं यंत्र स्वतःच्याच उष्णतेत गुदमरत होतं. ते हातभर बाहेर सरकवलं. टनाचा कितीही बारीक हिशेब केला तरी बाहेरच्या युनिटला मोकळा श्वास नसेल तर तो हिशेब कागदावरच राहतो.

ताईनं आधी फुकटचे उपाय केले. दारांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या, पावसाळ्यात झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालणं बंद केलं, रात्री 'ड्राय' मोड लावू लागली. त्यात आतला पंखा हळू फिरतो, हवा कॉइलवरून सावकाश जाते आणि ओल जास्त निघते. बराच फरक पडला. नंतर हॉलसाठी एसी घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं दीड टनाचा जुना एसी पाइपांसकट हॉलमध्ये हलवला. तिचा हॉल पश्चिमेला आहे, दोन मोठ्या खिडक्या आहेत, तिथे तो जागच्या जागी वाटतो. झोपायच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर आला. तो रात्रभर हळूहळू चालत राहतो.

ड्रेन पाइपखाली तिनं पाच लिटरची बादली ठेवली आहे. पहिल्या ऑगस्टमध्ये दीड टनाचा एसी रात्रभर लावूनही तिच्या तळाशी चार बोटं पाणी जमायचं. आता सकाळी उठून ती बादली गॅलरीतल्या मोगऱ्याला आणि तुळशीला रिकामी करते, आणि साड्यांचं कपाट उघडताना नाकाला पदर लावत नाही.